आबांच्या टाळूचा निकाल

गेल्या रविवारी धुळ्यातल्या आइस्क्रीमच्या दुकानात आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि शेजारच्या बाकावरचे एक अनोळखी आबा. मुलीच्या साखरपुड्यासाठी चाळीस रुपयांचे दीडशे कप सांगायचे होते, खाली नारळ, वर चॉकलेट. त्यात दुधाऐवजी वनस्पती तूप निघालं तर व्याही जन्मभर ऐकवतील, असं मी बायकोला म्हणत होतो.

आबांच्या हातातही तोच कप होता. "अमळनेरच्या तेलगिरणीत तीस वर्षं तेच तूप चाखलं. ते टाळूला धरून बसतं," ते म्हणाले. त्यांनी एक चमचा तोंडात विरघळवला, वर कोमट पाणी प्यायले आणि डोळे मिटून टाळूवर जीभ फिरवली.

"बठ्ठं चोख शे, भाऊ," आबा अहिराणीत म्हणाले, म्हणजे सगळं शुद्ध आहे.

बायकोनं आपला कप निवांत संपवला. दुकानदाराला मी दोन हजार आगाऊ दिले. आबांचेही चाळीस देऊ लागलो, तर ते म्हणाले, "फुकटचं कुणाला वाईट लागतं? मग माझ्या निकालाला काय किंमत?" आणि आपले चाळीस त्यांनी स्वतःच दुकानदाराला दिले.