घरमालकांच्या मुलीचं कार्ड

क्रेडिट कार्डाला माझ्या घरमालकांइतका भिणारा आणि तरी त्यात इतका जीव गुंतवणारा माणूस अख्ख्या जळगावात दुसरा नसेल. ठिबकच्या नळ्या विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुठल्या शेताला किती नळी लागेल हे ते उभ्याउभ्या सांगत, पण कार्ड हातात आलं की त्यांचा चेहरा न वाचलेल्या धड्यावर प्रश्न आलेल्या मुलासारखा होई. पिन कुणालाही सांगू नका, असं बँकेने बजावलं होतं. त्यांनी तो कागदालाही सांगितला नाही आणि आठवड्यात स्वतःच विसरले. मी शाळेत गणित शिकवतो, तेव्हा कार्डही मलाच कळत असणार, असा त्यांचा समज. पहिलं बिल घेऊन ते जिना चढून वर माझ्याकडे आले. "सर, बिल सात हजारांचं आहे, पण खाली लिहिलंय साडेतीनशे भरले तरी चालतील. बँकेची माणसं भली दिसतात." उरलेल्यावर व्याज चढतं हे मी समजावतोय, तोवर त्यांची अठरा वर्षांची मुलगी मागून म्हणाली, "बाबा, ती सूट नाहीये. पूर्ण भरा." त्यांनी पूर्ण भरलं, आणि तेव्हापासून मुलीकडे जरा दबकूनच पाहू लागले.

ती शिरपूरला फार्मसीला गेली तेव्हा त्यांनी तिला त्याच खात्यावरचं दुसरं कार्ड काढून दिलं. मर्यादा पाच हजारांची. जबाबदारी टाकली की पोरं शिकतात, असं बँकेतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. कार्ड देताना ते गंभीरपणे म्हणाले, "तुझ्या खर्चाबद्दल मी एक शब्द विचारणार नाही." हा शब्द त्यांनी पाळला आणि त्रास मला झाला. तिने कार्ड वापरलं की मेसेज यांच्या फोनवर येई आणि हे माझ्या दारात. "सर, मेडिकल, दोनशे दहा. काय झालं असेल?"

"तिलाच विचारा ना, भाऊ."

"कसं विचारू? शब्द दिलाय."

फोनवर ती रोज 'ठीक आहे' म्हणे, पण यांचा विश्वास मेसेजवर. झेरॉक्स एकशे वीस म्हणजे अभ्यास जोरात आहे, आणि चार दिवस काहीच नाही म्हणजे पोरगी उपाशी आहे, असे अर्थ आम्ही लावत बसायचो.

एका गुरुवारी सकाळी ते दारातच थबकले. घाबरले की ते घरच्या अहिराणी बोलीत शिरत. "सर, हॉस्पिटल. चार हजार. पोर बिमार शे." तिचा फोन बंद. मी रजा टाकली आणि आम्ही चोपड्यामार्गे शिरपूरची एस.टी. पकडली. स्टँडवर त्यांनी केळ्याच्या वेफर्सची दोन पाकिटं घेतली. आजारी मुलीला वेफर्स कसे चालतील हे त्यांना कळेना, आणि मलाही.

होस्टेलच्या फाटकात ती आम्हाला धडधाकट भेटली. हे इतके गोंधळले की म्हणाले, "इकडे एक काम होतं. सहज आलो."

"बाबा, मेसेज आला ना?"

तिची खोलीतली मैत्रीण जिन्यावरून पडली होती, हात मोडला होता. तिचे आईवडील सातपुड्यातल्या गावाहून येईपर्यंत दवाखान्यात कुणीतरी पैसे भरायला हवे होते. आता ही तिचे कपडे न्यायला आली होती. "धावपळीत बॅटरी संपली. तिच्या आईवडिलांनी आल्याआल्या पैसे दिलेत, मी आजच कार्डाला भरून टाकते. बिलाची वाट नाही बघत."

ते बराच वेळ वेफर्सची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिले. "म्हणजे तुला काही झालं नाही."

"नाही."

"बठ्ठं ठीक शे?" सगळं ठीक ना, हे त्यांनी पुन्हा बोलीतच विचारलं.

"बठ्ठं ठीक शे, बाबा."

मग तिने आम्हाला स्टँडजवळ शेवभाजी खाऊ घातली आणि यांना खिशात हात घालू दिला नाही. परतीच्या गाडीत त्यांनी चष्मा लावून फोन पाहिला. "भोजनालय, तीनशे साठ," ते पुटपुटले. या वेळी अर्थ विचारायला ते माझ्याकडे वळले नाहीत. "पोरीने पहिल्यांदा जेवू घातलं, सर."

ते बिल त्यांच्याच नावावर येणार होतं. बाहेर कापसाची शेतं मागे सरत होती आणि ते तो मेसेज पुन्हा उघडून वाचत होते.