मार्था उजागरेचा अर्ज

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात नगरच्या एका छापखान्यात सरकारी अर्जांची चळत छापून आली, आणि घड्या घालण्यासाठी ती बाइंडिंग खात्यात मार्था उजागरेपुढे पडली. हाडाच्या पट्टीने घडी दाबायची आणि शंभराचा गठ्ठा बांधायचा, हे काम ती नऊ वर्षं करत होती. हाताखालचा मजकूर ती कधी वाचत नसे. त्या दिवशी मात्र वाचला. सरकारचं घरबांधणी बोर्ड कामगारांसाठी गावाबाहेर चाळी बांधणार होतं. दीड खोली, आत नळ, भाडं बाजारातल्या भाड्याच्या निम्म्याहून कमी, बाकीचा भार सरकारचा.

संध्याकाळी निघताना तिने मॅनेजरला विचारून एक अर्ज पिशवीत घातला.

घराची तिला निकड होती. तोफखान्यात टांग्याच्या तबेल्यामागे तिची एक खोली होती. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि ‘दिवाळीच्या आत जागा बघा’ असं तो आल्या-गेल्यासमोर ऐकवत होता. त्या खोलीत तिच्याबरोबर बनुबाई राहायची. बनुबाई राजूरकडची, डोंगरातली. नगरला येऊन वर्षानुवर्षं फुटाण्याच्या भट्टीवर राबली आणि धुराने दमा घेऊन बसली. दोघींचं नातं काही नव्हतं. जातीने, धर्माने, गावाने कशानेच नव्हतं. पण मार्थाला विषमज्वर झाला तेव्हा शेजारच्या खोलीतली ही म्हातारी तीन आठवडे तिला पेज भरवत होती. पुढे बनुबाईचं काम सुटलं तेव्हा मार्था म्हणाली, “मावशी, तुमची वळकटी इकडं आना.” त्याला आता पाच वर्षं झाली होती.

बोर्डाच्या कचेरीत श्रीमंत पठारे नावाचा कारकून होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कामाचा उरक फार होता. त्याने अर्ज डोळ्यांखालून घातला आणि पेन्सिलीने टकटक केलं.

“बाई, हे रिकामं का? विवाहित, अविवाहित, विधवा. एकावर खूण करा.”

“भाऊसाहेब, माझा नवरा मला टाकून गेलाय. आठ वर्षं झाली.”

“त्याला रकाना नाही.”

“मग विवाहितावर करू?”

“मग नवऱ्याची सही लागेल. आणा त्याला.” तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. “जिवंत आहे कशावरून? आठ वर्षांत पाहिलात?”

तिने पाहिला नव्हता. यशया भुसावळकडे रेल्वेत लागला आणि तिथं त्याने दुसरं बिऱ्हाड केलं, एवढं कानावर आलं होतं.

“विधवा लिहा,” पठारे म्हणाला. “आणि एकट्या माणसाला घर मिळत नाही, कुटुंब लागतं. बरोबर कोण राहतं?”

“एक मावशी हायेत. नात्यातल्या न्हाईत.”

“सासू लिहा. चला, मागं रांग आहे.”

मार्थाने मागे पाहिलं. रांग खरंच होती, दारापर्यंत. तिने टाक उचलला, खूण केली, सासूच्या रकान्यात बनुबाईचं नाव लिहिलं आणि सही केली.

त्या दिवसापासून कचेरीच्या बाजूला जायचं झालं की ती गळ्यातली लग्नाची पोत पोलक्यात आत ढकलायची. मग पुढे पुढे तिला आठवेनासं झालं की आत ढकललीय की बाहेर आहे. घड्या घालता घालता हात गळ्याशी जायचा. शेजारी बसणारी चांगुणा एकदा म्हणाली, “मार्थाबाई, गळा दुखतोय का?” रविवारी देवळात ती दाराजवळच्या बाकावर बसायला लागली. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाची भाकर वाटायला घेतली की खोकल्याचं निमित्त काढून बाहेर यायची. यशयाबद्दल तिला माया उरली नव्हती. पण जिता माणूस तिने कागदावर मारला होता, आणि तोही खोलीसाठी. रस्त्यात कुणी डोक्यावर पोस्टाची टोपी घातलेला दिसला तरी तिला वाटायचं, ह्याच्याकडे तार आहे, यशया खरंच गेल्याची.

बनुबाईला तिने सगळं सांगितलं होतं. म्हातारी म्हणाली, “म्हनंन की सासू. तोंडाला काय लागतंय?”

जुलैत चौकशीचा अधिकारी खोलीवर आला. पन्नाशीचा, छत्री घेतलेला, थकलेला माणूस. त्याने खोली मापली, चूल पाहिली, छत पाहिलं आणि ट्रंकेवर बसून फाइल उघडली. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती.

“आजी, या तुमच्या कोण?”

“सून.”

“मुलगा कधी वारला?”

बनुबाईने तोंड उघडलं. मार्थाने तिला ‘आठ वर्षं’ एवढंच पढवलं होतं. पण म्हातारीच्या तोंडून ते आलं नाही. दुसरंच आलं.

“गोरक्ष नाव हुतं, साहेब. माझ्या हातानं भाकर बांधून दिल्ती. ओढ्याला पानी आल्तं, गुरं पल्याड हुती. एकोनीस वर्षांचा हुता. दोन दिवसांनी घावला. अंगावर सदरा न्हवता, करदोड्यावरनं वळखला मी.” बोलता बोलता तिला धाप लागली, तरी थांबेना. “त्याच्या बापानं मलाच बोल लावला. म्हनला, तू का पाठीवलं? मी पाठीवलं न्हवतं, साहेब. त्योच गेला.”

मार्था पाच वर्षं या बाईच्या शेजारी झोपत होती. मुलगा होता आणि गेला, एवढंच तिला ठाऊक होतं. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

अधिकाऱ्याने मान खाली घालून लिहायला घेतलं, “नाव गोरक्ष... पाण्यात बुडून...”

“लिहू नका!” मार्था एवढ्या जोरात बोलली की तबेल्यातला घोडा फुरफुरला. “साहेब, ते लिहू नका. यांचा लेक गेला ते खरं हाय. पन तो माझा नवरा न्हवता. माझा नवरा यशया. तो जिता हाय. मला टाकून गेलाय. या माझ्या कुनी न्हाईत. मीच खोटं लिहिलंय.”

अधिकाऱ्याने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. “खोटी माहिती दिली की अर्ज रद्द होतो, हे अर्जावरच छापलंय.”

“माझ्याच हातानं घडी घातलीय त्याची.”

त्याला ते कळलं नाही. तो उठला, छत्री घेतली, दारापर्यंत गेला. बनुबाई पदराने डोळे पुसत होती आणि तिच्या छातीची घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. तो वळला. “पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज द्या. नवऱ्याने टाकल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि त्याच्या रक्ताच्या नातेवाइकाची साक्ष. माहेरची चालणार नाही. आजींना आश्रित म्हणून लिहा. बाकी वरचे ठरवतील.”

यशयाचे रक्ताचे म्हणजे राहात्याचे. धाकटा भाऊ डेव्हिड तिथं शाळामास्तर होता आणि आई मालनबाई त्याच्याकडे होती. यशया गेल्यानंतर मार्था एकदाच तिथं गेली होती आणि सासूने तिला उंबऱ्यातून ऐकवलं होतं, “बाईत काय नसंल तर गडी का ऱ्हाईल?” त्यानंतर पाय ठेवायचा नाही असं तिने ठरवलं होतं. पंधरातले सहा दिवस तिने नुसते येरझाऱ्यांत घालवले. सातव्या दिवशी खाडा करून तिने एस्टी धरली.

डेव्हिड शाळेतून नुकताच आला होता. त्याची बायको कृपा पाणी घेऊन आली. मालनबाई ओसरीवर पेरू निवडत होती, तिने वर पाहिलं नाही.

मार्थाने सगळं सांगितलं. डेव्हिडने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वहिनी, घराचं बघता येईल. पण आमच्या भावाने बायको टाकली असं मी कोर्टात लिहून देऊ? उद्या शाळेत मला कोण मास्तर म्हणेल?”

“भावजी, गावाला ठाऊकच हाय की.”

“ठाऊक असणं वेगळं आणि स्टँपवर असणं वेगळं.”

कृपा काही बोलायला गेली, पण त्याने नुसतं पाहिल्यावर आत निघून गेली. मार्था उठली. पेला पालथा घालून तिने पिशवी घेतली. अंगणातून बाहेर पडेपर्यंत तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, तोही स्वतःचाच.

“थांब.” मालनबाईने पेरूंवर पोतं टाकलं. “कितीची गाडी हाय?”

“कसली?”

“नगरची. माजा अंगठा चालंल का न्हाई?”

डेव्हिड म्हणाला, “आई, तू यात पडू नको.”

“मी पडलीय त्यात. प्वार माझं हाय.” म्हातारीने आतून दुसरं लुगडं घेतलं, काठी घेतली आणि चपला घालत म्हणाली, “आठ वर्सं तुझं आयकलं.”

गाडीत दोघी शेजारी बसल्या. राहुरीच्या अलीकडे मालनबाईला ओकारी झाली. मार्थाने तिचं डोकं धरलं, पाणी दिलं. ती रात्र म्हातारीने त्या खोलीत काढली. बनुबाईने पिठलं केलं ते तिने खाल्लं, पण कशाची चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या आवारात स्टँप लिहिणाऱ्याने विचारलं, “काय लिहू, आजी? मुलगा परगावी असतो असं?”

“न्हाई,” मालनबाई म्हणाली. चार माणसं वळून बघतील एवढ्या आवाजात. “माझ्या पोरानं हिला टाकली. हिची चूक न्हवती. मी तवा दुसरं बोलले हुते, ते खोटं हुतं. हेबी लिव.”

“एवढं लागत नाही, आजी.”

“लिव म्हनले ना.”

त्याने लिहिलं. म्हातारीने अंगठा उमटवला, शाई लुगड्याला पुसली आणि ती म्हणाली, “आता मला गाडीत बशीव.” मार्थाने चहाला थांबा म्हटलं, पण ती थांबली नाही. गाडी सुटेपर्यंत मार्था खिडकीखाली उभी होती. म्हातारी सारा वेळ पुढच्या बाकाकडे बघत राहिली.

अर्ज पुन्हा उभा राहिला. पण घर काही उभं राहीना. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला. प्यायला पाणी नाही तर बांधकामाला कुठून देणार, म्हणून चाळींचं काम अर्ध्यावर थांबलं. दिवाळी आली, गेली, मग दुसरी आली. मालकाने तबेल्याकडचं दार खिळे मारून बंद केलं. दोघी मागच्या गल्लीतून, गटार ओलांडून ये-जा करू लागल्या. मार्था दर शनिवारी कामावरून सुटून शहराबाहेर चालत जायची आणि त्या छप्पर नसलेल्या भिंती मोजून यायची, जणू कुणी रातोरात एखादी उचलून नेली असती. पठारे तिला लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणायचा. पुढे टँकरच्या पाण्यावर कशीबशी छपरं चढली आणि गाळ्यांची सोडत निघाली. तीत तिचं नाव निघालंच नाही, प्रतीक्षायादीत चौदावं लागलं. तेव्हा ती कचेरीच्या पायऱ्यांवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत पत्र आलं. यादीत तिच्या वर असलेल्यांपैकी काहींची बदली झाली होती, काहींनी गाव सोडलं होतं. तिला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा मिळाला. पहिल्याच दिवशी बनुबाई निम्म्या जिन्यात बसली आणि तिचे ओठ निळे पडले. मार्था तिला तिथंच सोडून खाली प्रत्येक दार वाजवत, ‘जागा बदलता का’ विचारत सुटली. सार्वजनिक नळाला चिकटून असलेल्या गाळ्यातले लोक दिवसभराच्या भांडणांना विटले होते. ते आनंदाने वर जायला तयार झाले. अदलाबदलीची परवानगी काढायला आणखी तीन खेपा पडल्या. तोवर तिने सामानाच्या गाठी सोडल्या नाहीत. सोडल्यावरही काही दिवस दार वाजलं की ती आधी ट्रंकेतले कागद चाचपायची आणि मग कडी काढायची.

घरातल्या नळाला पाणी नव्हतंच, सगळी चाळ बाहेरच्या नळावर. मार्थाचा पहिल्यांदा नंबर लागला तेव्हा मागे उभ्या असलेल्या मुक्ताबाई नावाच्या शेजारणीने तिच्या गळ्यातली पोत पाहून विचारलं, “मालक कुठं असतात?”

पोत बाहेर होती. मार्थाने हात वर नेला नाही. “भुसावळला, दुसऱ्या बाईपाशी,” ती म्हणाली.

मुक्ताबाईने नळाकडे बोट केलं. नळाची धार बारीक होत चालली होती. “बाई, कळशी सरकवा,” ती म्हणाली, “पाणी जाईल.”