दुपारपर्यंत मॅडम

माझ्या नणंदेला मी माफ केलेलं नाही आणि करण्याचा विचारही नाही.

माझी लेक बोलताना अडखळते. शाळेत पोरं नकला करायची आणि बाईही हसायच्या, म्हणून तिला चौथीतून काढलं आणि जिंतूरच्या घरीच शिकवायला बसले. परभणीला शिक्षिका असलेली नणंद लगेच सल्ला घेऊन हजर. "वहिनी, शिस्त पाहिजे. दुपारपर्यंत तिनं तुमाला मॅडमच म्हणायचं. आई म्हणलं की लेकरू लाडात येतंय." दुनियेला शहाणपण वाटत फिरणारी बाई! तरी घरात सगळ्यांना पटलं.

भिंतीवर वेळापत्रक लागलं. अपूर्णांक आले की लेक गप्प, मी ओरडणार, सासू ओसरीवरून टोमणे मारणार, नवऱ्याचं तोंड मोबाइलात. संक्रांतीनंतर पुस्तक उघडणंच माझ्या जिवावर यायचं. सगळ्यांचा राग यायचा, लेकीचासुद्धा.

एकदा जेवताना ती म्हणाली, "मॅडम, भाजी वाढा." चेष्टा नव्हती ती. तोंडात तेच बसलं होतं. त्याच आठवड्यात तिनं फोनवर आत्याला विचारलं, "मला तुझ्याकडं नेशील का?" नणंद खूश. सुट्टी लागली की न्यायला येते म्हणाली.

मी वेळापत्रक फाडून अंगणातल्या चुलीत घातलं. सासू म्हणाली, "बरं झालं. कुरडयाचे गहू भिजू घालायचेत, हात लाव."

रोज पाणी बदलायचं काम लेकीकडे आलं. तिच्या तोंडातलं मॅडम मात्र तसंच राहिलं. आंबूस वासाला नाक मुरडत ती पुन्हा पुन्हा वाकून बघायची. गहू वाटून, गाळून चीक खाली बसला, वरचं पाणी ओतून दिलं, तेव्हा सासू तिला म्हणाली, "जेवढा चीक तेवढंच पाणी. पातेलं पाऊण भरलंय, बग किती घालायचं." लेक विचारात पडली. मी तोंड उघडणार तोच सासूनं डोळे वटारले. पाणी बरोबर पडलं. मला आनंद झाला आणि म्हातारीचा रागही आला.

चीक शिजताना ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात, म्हणून कुणालाच उठून जाता येत नव्हतं. एका लाकडी चाटूवर आम्हा मायलेकींचे हात होते. ती अडखळत काहीबाही सांगत राहिली, शाळेतलंसुद्धा, आणि मी ऐकत राहिले. वर्षभरात मी तिला एवढं बोलू दिलं नव्हतं.

साच्यातून कुरडया गच्चीवर पडल्या, लेकीला तिथं राखणीला ठेवून मी खाली आले, तर नणंद दारात उभी. माझ्या चिकानं भरलेल्या हातांकडे बघून म्हणाली, "ह्याला शिक्षण म्हणायलात का, वहिनी?"

"म्हणायलोत," मी म्हणाले. "पोरीला विचारा. तिला यायचं असंल तर न्या."

चीक निघाला तरी मी हात धूतच राहिले. नणंदेनं जिन्यातून वर हाक मारली, "बॅग कुठाय गं तुजी?"

"भरली न्हाई. कुरडया उ... उलटायच्यात."

नणंद माझ्याकडे वळून काही बोलणार, तेवढ्यात गच्चीवरून किंकाळी आली.

"आ... आ... आई! कावळे आले! काठी आण!"

भर सकाळी आई म्हणाली होती. मी काठी उचलून पळाले. नणंदेला चहा विचारायचा राहिला.