अण्णांचा अडकलेला घोडेस्वार

दोन राज्यांमधली सीमा बंद होते तेव्हा माणसांची नशिबं बदलतात. आमच्या घरी ती बंद झाली तेव्हा अण्णा उप्पीट खात होते, आणि ते एवढंच म्हणाले, "च्यायला."

मी अमानवीय वगैरे काही मानत नाही. या सदरात लिहिणारे सगळेच असं म्हणून सुरुवात करतात, तेव्हा त्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी माल तपासतो. जे दिसतं तेवढंच लिहायचं, ही सवय तिथली.

अण्णा माझे थोरले भाऊ. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान. हार्टचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं, म्हणून मी माझा जुना लॅपटॉप दिला आणि त्यावरचा राज्य चालवायचा एक गेम शिकवला. आपण एक राजा, बाकीचे राजे कॉम्प्युटर चालवतो. दुसऱ्याच्या हद्दीतून जायचं तर आधी सीमा खुली करून मागायची. त्यानं ती मध्येच बंद केली तर आपला माणूस आत अडकतो... मरत नाही, हलत नाही, नुसता उभा.

अण्णांनी मुत्सद्देगिरी दुकानातून आणली. सोलापुरात टोपी-टॉवेल दिल्याशिवाय कुणाचा सन्मान होत नाही — मग तो व्याही असो, पुढारी असो, नाहीतर बदलीवर आलेला साहेब. त्या हिशेबानं अण्णा प्रत्येक राजाला कापडाची भेट पाठवायचे. उत्तरेच्या राजाला आणि त्याच्या हाडवैऱ्यालाही, अगदी सारखी.

मी सांगितलं, "अण्णा, ह्याला दिलं की तो चिडतो."

"येड्या, लग्नात एका भावकीला आहेर अन् दुसरीला न्हाय, असं चालतंय व्हय?"

लग्नात चालत नाही. गेममध्ये तेच चालतं. 'तुम्ही आमच्या शत्रूला पोसता' असं सुनावून उत्तरेच्या राजानं सीमा बंद केली, आणि जग बघायला पाठवलेला अण्णांचा पहिला घोडेस्वार आत राहिला.

त्यानंतर अण्णांचा खेळ एवढाच उरला — रोज राजाकडं वाट मागायची. "पोराला घरी आणायचंय," म्हणायचे. रोज नकार. मग अण्णा गेले.

त्यांना मुलगा नाही, म्हणून सगळं मी केलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, "पोरीचं लगीन करतो म्हण." म्हटलं. कावळा फांदीवर. "दुकान चालवतो म्हण." तेही म्हटलं. ऊन चढत होतं. शेवटी वहिनी पुढं आल्या. "भावजी, त्यो घोडेवाला हाय की तिकडं. त्येचं बोला."

"कोण घोडेवाला?" काका म्हणाले. "वरातीतला?"

सगळ्या भावकीसमोर, भादरलेल्या डोक्यानं, मी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, घोडेस्वाराला घरी आणतो." कावळा आला. त्याला भूक लागली असणार. त्यात मी काही बघत नाही.

पण शब्द गेला होता आणि वहिनींनी तो ऐकला होता. चहा ठेवताना रोज विचारायच्या, "आला का ओ?" मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, जेवण जात होतं. वाट मागायची, नकार वाचायचा, लॅपटॉप मिटायचा.

एका रविवारी सकाळी वहिनी शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी अजून काही मागितलंही नव्हतं, नुसती गेममधली माझी पाळी संपवली. राजा आपणहून पडद्यावर आला. त्याचा आमच्यावरचा राग दाखवणारी पट्टी पूर्ण लाल, पहिल्यासारखीच. खाली ओळ — आमची सीमा तुम्हाला खुली आहे. बदल्यात — काही नाही.

कॉम्प्युटरचा राजा फुकट काही देत नाही. या बाबतीत तो पूर्ण माणूस आहे.

"काय म्हणतोय त्यो?" वहिनींनी विचारलं.

"जाऊ देतो म्हणतोय."

"मग बसलाय काय? काढा की त्याला भाईर, मन फिरंल मेल्याचं!"

नंतर मी तपासलं. आदल्या पाळीचा सेव्ह केलेला खेळ उघडला, तेच बटण दाबलं. राजा आला नाही. पुन्हा केलं, पुन्हा केलं... नाहीच. कारखान्यात कॉम्प्युटर बघणारा मुजाहिद म्हणाला, "रँडम रहता यार, इत्ता मत सोच." मी म्हटलं, मग पुन्हा एकदा तरी व्हायला हवं. "हौ, वो तो है," म्हणाला आणि चहा प्यायला लागला. मला अजूनही कारण सापडलेलं नाही. वहिनींना ते लागतच नाही.

त्या रविवारी जेवणं लांबली. घोडेस्वार डोंगर उतरला, नदी ओलांडून राजधानीत शिरला. वहिनी परात बाजूला ठेवून त्याच्याकडं बघत राहिल्या. मीही बघत होतो. तेवढ्यात गेमनं खाली सूचना दाखवली : एक घोडेस्वार रिकामा आहे. त्याला काम द्या.