बाळूचा टेप आन् कमळची कळशी

लावा पैज! हा मामला बाळूच्या गाडीतल्या टेपाचा हाय. टेप बिघडला, आमी तो घरीच नीट करायला बसलो, आन् शेवटाला त्याची किंमत एका माणसाला मोजावी लागली. कोणाला? आन् काय? आत्ताच सांगा. बरोबर वळखलं त्याला कपभर चहा माझ्याकडून. मी मातर घेणार न्हाई. कावून? तेच तर वळखायचं हाय!

बाळू म्हणता? चुकलं. जावई? लईच चुकलं. बसा आता गुमान.

आमच्या उमापुरात माझ्या ओट्यावर सकाळी चौघांची बैठक. मी, मला सगळे तात्या म्हणतेत. समोरच्या घरातला माझा चुलतभाऊ बाळू. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की नीट करून देणारा शिवा. आन् मेंढरं राखणारा हरिबा. चहा रोज बाळूच्या घरून, त्याची बायको कमळ आणती. मी दोनदा घ्यायचो. तिसऱ्यांदा मागितला की कमळ भांडी आपटायची.

किस्से कुठून येतेत म्हणता? बाळूच्या गाडीचं शीट उचलून बघा. खाली कंगवा, एका पायाची चप्पल, सरकीचे दाणे, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. कोणी ठेवलं न्हाई, आपोआप साचलंय. किस्स्याचं बी तसंच. झाडलं की पडतेत!

गाडी जुनी, पण टेप नवा. दिवाळीला बाळूच्या जावयानं, गेवराईच्या संदीपरावानं, सोताच्या हातानं बसवून दिला. जावई गुणाचा हो, पण रुसका. लग्नात मोडका पापड वाढला म्हणून ताटावरनं उठलता. बाळू पापडाचा डबा घेऊन मांडवभर त्याच्या मागं फिरलता!

आता जावयाचा फोन आला की पहिला सवाल एकच. "मामा, टेप कसा वाजतोय?"

बाळू छाती फुगवून म्हणायचा, "एक नंबर!"

आन् टेप तर कधीचा मुका झालता. त्यात लागला अधिकमास. धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई येणार, जेवून त्याच गाडीत सगळे गोदावरीवर जाणार. बाळू दिवसातनं धा येळा माझ्या ओट्यावर यायचा. "तात्या, जावई रुसला तर लेकीला महिनाभर टोमणे खावं लागतील," म्हणायचा. म्हणून आमी कंबर कसली.

*

टेप अगदीच मुका न्हवता. खड्ड्यात वाजायचा! आमच्या गावच्या रस्त्यावर मोकळ्या गळ्यानं गायचा, हायवे लागला की गप.

एकदा बाळू मला गेवराईच्या बाजाराला घेऊन गेलता. हायवेवर टेप बंद. बाळूनं काय करावं? गाडी मुद्दाम कडंच्या खड्ड्यात घालायला लागला. एक खड्डा, गाण्याची एक ओळ. दुसरा खड्डा, दुसरी ओळ. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं गाडी आडवी घातली, खाली उतरला.

"मामा, चक्कर यायलीय का? पाणी देऊ?"

बाळू म्हणला, "न्हाई बे, गाणं ऐकायलोय!"

ट्रकवाला माझ्या खिडकीत आला आन् हळूच म्हणला, "ह्यांना घरी घेऊन जा."

*

घरी आल्यावर शिवानं डोकं चालवलं. "खड्ड्यात वाजतोय न्हवं? मंग खड्डा घरी आणू!"

बाळू आत टेपाला कान लावून बसला. शिवा एका कोपऱ्यावर, हरिबा दुसऱ्यावर, मी मागं. लागलो गाडी हलवायला. हलवली की कडवं, थांबलो की बंद. आमाला घाम फुटला, गाडी कुईकुई करायला लागली.

तेवढ्यात कमळ चहा घेऊन आली. कमरेवर हात ठेवून म्हणती, "गाडी बाळंत व्हायलीय का?"

हरिबा म्हणला, "वहिनी, कण्हती तर तशीच!"

बाळू आतून वरडला, "जावई बसल्यावर तुमी गाडीसंगं पळत हलवणार हाव का?"

शिवा म्हणला, "मी फाट्यापर्यंत येतो. पुढं हरिबाचं बघा."

मी आपला कप उचलला. माझा चहा निवायला लागलता.

*

आता शिवाची विद्या ऐका. शिवाला कुठलंबी दुखणं दाखवा, औषध एकच. मोटर पाणी टाकंना? अर्थिंग! स्टार्टर पडतोय? अर्थिंग! मंग तो जमिनीत लोखंडी सळई ठोकतो, भवती मीठ टाकतो, पाणी वततो, आन् मोटारीची वायर सळईला बांधतो. मोटर चालू!

ओट्यावर बसून त्यानं गाडीकडं लई येळ बघितलं. म्हणला, "ह्या गाडीला टायरं कशाची?"

"रबराची," बाळू म्हणला.

"मंग जमिनीचा संबंध कुठं आला? टेप बिचारा वाजंल कसा?"

आमी एकमेकाकडं बघितलं. इतकी साधी गोष्ट, आन् कोणाच्या ध्यानात आली न्हवती!

शिवा डोक्यावर उलटा होऊन टेपाच्या खाली शिरला. तितं एक बोल्ट ढिला व्हता. त्याला वायर गुंडाळली, पान्यानं बोल्ट गच्च आवळला. वायरीचं दुसरं टोक लिंबाखाली ठोकलेल्या सळईला. कमळची मिठाची बरणी रिकामी झाली. बाळूनं चावी फिरवली आन् टेप असा वरडला की कोंबड्या पत्र्यावर जाऊन बसल्या!

शिवानं हात झटकले. "जावयाला सांगा, अर्थिंग पाहिजे व्हतं."

"जावयाला कायबी सांगू नका!" बाळू म्हणला.

*

टेप वाजायला लागल्यावर माझे हात शिवशिवायला लागले.

मला वाचता येत न्हाई. पण फोनमधल्या निळ्या चित्रावर बोट ठेवलं की फोनातला आवाज गाडीच्या टेपातून निघतो, एवढं मी शिकलोय. फोनात मी माझाच आवाज जाड करून भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी बाळू टेप चालू ठिवून गाडी पुसायलाय, मी माझ्या ओट्यावर बिडी वढायलोय. बोट ठेवलं.

टेपातून आवाज आला, "बाळ्याऽऽ! तात्याला चहा दे!"

बाळूच्या हातातलं फडकं पडलं. आत पळाला. "अगं, टेप बोलायलाय! चहा मागायलाय!"

कमळ बाहीर आली, गाडीकडं न बघता सरळ माझ्याकडं बघितलं. "टेपाला चहा कशाला लागतोय? हा आवाज बिडीचा हाय." मंग पदर खोचून म्हणली, "तात्या, ध्यानात ठिवते मी."

चहा मातर दिला. मी म्हणलं, चला, फिटलं! कशाचं फिटतंय!

*

धोंड्याचा दिवस उजाडला. घरात अनारशाचा वास. बाळू नवं धोतर नेसून खुशीत, म्हणला पाहुण्याला केळीची पानं आणतो. गाडीत बसला, टेप लावला आन् निघाला. सळईचं काय त्याच्या ध्यानात न्हवतं!

वायर ताणली. लिंबाखालची सळई उपटली. गाडी पुढं, सळई मागं खणखण खणखण!

हरिबा मेंढरं सोडून पळत सुटला. "धराऽऽ! खुटा उपटला! सुटली, सुटली!" आन् गाडीच्या पुढं जाऊन, उधळलेल्या बैलापुढं राहतेत तसा हात पसरून उभा राहिला. "हो... हो... हो बाबा..."

गाडी थांबली. हरिबानं बोनेटवरून हात फिरवला, तवा कुठं त्याच्या जिवाला बरं वाटलं.

पण ओढीत बोल्ट पुन्हा ढिला झालता. टेप मुका! आन् तेवढ्यात बाळूचा फोन वाजला.

"मामा, गेवराई सोडली. टेप कसा वाजतोय?"

बाळू रडवेल्या तोंडानं म्हणला, "एक नंबर!"

*

"घरी पुन्हा सळई ठोकीन," शिवा म्हणला, "पण गोदावरीपर्यंत वायर पुरणार न्हाई."

मंग त्यालाच सुचलं. "जमीन संगं घेऊ! भांड्यात माती भरू, मीठ, पाणी, त्याच्यात सळई. भांडं तांब्याचं पाहिजे बरं का."

मी बोट दाखवलं. पाण्याच्या कट्ट्यावर कमळची तांब्याची कळशी, तिच्या आईनं रुखवतात दिलेली. कमळ अनारसे तळण्यात गुंग. घेतली उचलून! माती दाबून भरली, सळई रोवली, शिवानं बोल्ट पुन्हा गच्च आवळला. टेप खणखणीत!

"आता ही धरून मागं बसणार कोण?" बाळू म्हणला.

शिवा म्हणला, "ज्यानं कळशी दाखवली तो."

जावई आला, पोटभर जेवला, ढेकर देऊन पुढच्या शिटावर बसला. मागं लेक, कमळ, आन् मी, मांडीत कळशी. वायर मी धोतराच्या सोग्याखाली झाकलेली. कमळनं कळशी बघितली. मंग माझ्याकडं बघितलं. जावयापुढं तिला बोलता येईना. नुसत्या नाकपुड्या हलायला लागल्या.

टेप असा वाजायला लागला की जावई मांडीवर ताल धरायला लागला. बाळूचं तोंड फुललं. मंग जावई मागं वळला.

"तात्या, मांडीत काय हाय?"

बाळूनं आरशातून माझ्याकडं बघितलं. डोळ्यानंच पाया पडायला लागला.

मी म्हणलं, "घरची माती हाय, जावईबापू. अधिकमासाची गोदामाईला वाहायची."

"आन् सळई?"

"ती... ती धजा, देवाच्या झेंड्याची काठी."

जावयानं गाडीतच चपला काढल्या आन् कळशीला हात जोडले! मी हळूच प्यायला संगं घेतलेल्या तांब्यातलं पाणी मातीवर वतलं, अर्थिंग वाळू नये म्हणून. जावयाला वाटलं अभिषेक. त्यानं पुन्हा हात जोडले.

"धन्य हाव तात्या! मंग गोदामाईला काय सोडणार?"

आमच्याकडं रीत हाय. अधिकमासात गोदावरीवर गेलं की म्हाताऱ्या माणसानं एक खायचा जिन्नस सोडायचा, पुन्हा तोंडाला लावायचा न्हाई. शहाणी माणसं जे आवडत न्हाई तेच सोडतेत. माझ्या जिभेवर दोडका तयार व्हता. मी तोंड उघडलं, "दो..."

"चहा!" कमळ म्हणली.



"चहा सोडणार हायत तात्या," कमळ गोड आवाजात म्हणली. "जलमभर. व्हय की न्हाई वो तात्या?" मंग टेपाच्या आवाजात माझ्या कानाशी वाकून, "का जावईबापूला कळशीचं समदं सांगू?"

मी आरशात बघितलं. बाळूच्या डोळ्यात पाणी.

म्हणलं, "व्हय. चहा."

नदीवर जावयानं मला कळशीला हातबी लावू दिला न्हाई. मी वायर तेवढी गुपचूप सोडवली. त्यानं कळशी डोक्यावर घेतली, कमरेएवढ्या पाण्यात गेला आन् सळईसकट दिली सोडून! कळशी बुडबुड करत खाली गेली. कमळच्या डोळ्याला धार लागली.

जावई म्हणला, "मामी, किती श्रद्धा हो तुमची!"

मंग मला पाण्यात उभं केलं, ओंजळीत पाणी दिलं. "म्हणा तात्या, आजपासनं चहा सोडला." म्हणावं लागलं.

परत गाडीत बसलो. सळई न्हाई, माती न्हाई, कळशी नदीच्या तळाला, वायर नुसती लोंबायलीय. बाळूनं डोळे मिटून चावी फिरवली.

टेप पहिल्यापेक्षा जोरात वाजला!

वाजला तो वाजलाच. हायवेवर बी वाजला, अजून बी वाजतोय. कावून, ते शिवाला इचारा. तो म्हणतो, "टेपाला जमिनीची सवय लागली."

जावई खूष. लेक खूष. बाळू रोज सकाळी गाडी धुतो, गाणं लावतो. कमळ चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर येती. बाळूला कप, शिवाला कप, हरिबाला कप. माझ्यापुढं गरम पाण्याचा कप ठिवती, मी ते बशीत वतून फुंकून फुंकून पितो. आन् ती उभी राहून इचारती, "तात्या, साखर टाकू का?"