सहा की दोन

आमच्या शहरात गोडादऱ्यापासून भेस्तानपर्यंत माझ्या बायकोइतकी लबाड बाई झाली नाही, आणि हे मी ती गेल्यावर सांगतोय, म्हणजे आता तिच्याशी भांडण उकरून काढायचा माझा काही हेतू नाही. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजेसुद्धा भांडणच. सकाळी दहाला गॅलरीत चटई टाकून डाव मांडला होता. शेवटचा हात. तिने फासा टाकला, त्यावर दोन खडे चमकले. ती म्हणाली सहा, मी म्हणालो दोन. हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा करायचा, ही आमची कायमची बोली. दोन खड्यांचे सहा कसे होतात, ते सांगतो, म्हणजे बाई कशी होती ते कळेल.

हा खेळ कुठल्या दुकानात मिळत नाही, तिच्या डोक्यातून निघाला. मी चौथीपर्यंत शिकलो आणि कापड विणायच्या लूमच्या खात्यात राबून दोन्ही कान अर्धे घालवले. ती शाळेत गेलीच नाही. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची, नगावर पैसे. साडीच्या पाकिटात ती साडी नेसलेल्या बाईचा फोटो घालतात ना, तसले डाग पडलेले फोटो ती घरी आणायची आणि मागे पुठ्ठा लावायची. असे चोवीस पत्ते, बारा तिला, बारा मला. दोघांनी एकेक बाई पालथी ठेवायची, मग उलटायची. भारी साडी हलकीला खाते. पण हलकीवाल्याला एकदा फासा टाकता येतो, आणि सहा पडले तर दोनशे रुपयांची साडी बनारसीला खाऊन टाकते. म्हणजे भारी बाई कधी काढायची आणि कधी दडवायची, सगळी अक्कल तिथं. माझी अक्कल लूमच्या खडखडाटात सांडली असावी, कारण मी पहिल्याच हाताला बनारसी काढून बसायचो आणि ती गालात हसायची.

फोटोतल्या बायांना तिने नावं दिली होती, सगळी माझ्या घरची. बनारसीवाली म्हणजे माझी धाकटी बहीण, कारण "घेताना भारी, देताना हलकी." बहीण एकदा नंदुरबारहून आली, जिना चढून दारात उभी राहिली, आणि आतून आमची बाई ओरडली, "खाल्ली तुमची बहीण!" बहीण चार दिवस राहायला आली होती, दुसऱ्या दिवशी गेली. आणि हिरव्या पैठणीवाली म्हणजे माझी आई. तिच्यावर सहा पडले तरी ती मरायची नाही. "सासूला फाशाने मारता आलं असतं तर मी कधीच मारलं असतं," असं ती गंभीर तोंडाने सांगायची. माझ्या आईला जाऊन वीस वर्षं झाली होती, पण नियम बदलला नाही.

फासा नातीच्या खेळातला. त्याचे ठिपके उडाले तेव्हा हिने प्रत्येक ठिपक्यावर साडीचा खडा चिकटवला. सोन्यासारखा दिसायचा. पण सहाच्या बाजूचे चार खडे गळाले, उरले दोन. म्हणजे आता दोन हा आकडा फाशावर दोन ठिकाणी. खरे सहा ओळखायचे कसे, तर तिथं डिंकाचे चार डाग दिसतात. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. डाग कुठले दिसायला! दोन पडले की ती बिनदिक्कत सहा म्हणायची. मग शिबिरात ऑपरेशन झालं, मला मुंगीचे पाय दिसायला लागले, तरी तिचं चालूच. मी ओरडलो तर म्हणे, "डॉक्टरनी दुसऱ्याचाच डोळा बसवला."

पैठणीवालीचं तर कोडंच होतं. वाटताना पत्ता कधी सापडायचा नाही, तेवीसच भरायचे. "आई गावाला गेल्या असतील," असं म्हणून ती वाटून टाकायची. मग डाव अंगाशी आला की, "बसा, दूध बघून येते," म्हणत स्वयंपाकघरात जायची, आणि परत आल्यावर हातात माझी आई. मी गाद्या उलटल्या, देवघरामागे पाहिलं, शिवणयंत्राचा खण उपसला. सापडली नाही. मग मी डाव बाद म्हणायचो आणि चहा करायचो नाही. ती हसत स्वतः करायची. असं किती वर्षं चाललं! मी आयुष्यात एकदाही चहा केला नाही.

तर त्या सकाळी ती गावाकडच्या बोलीत म्हणाली, "सहा शेतस. तुमले दिखस ना?"

मी म्हणालो, "दोन."

ती पत्ते तसेच ठेवून गहू निवडायला उठली. बाराच्या सुमाराला भिंतीला टेकून बसली ती बसलीच, सूप मांडीवर. दिवस मावळायच्या आत तापीकाठी सगळं उरकून आम्ही घरी आलो.

फाशावर डिंकाचे चार डाग होते. मला दिसले होते. उभ्या जन्मात एकदा तिचे खरे सहा पडले आणि नेमकं तेव्हा मी खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस पेटवला. रात्रीच नंदुरबारहून आलेली बहीण धावत आली. "भाऊ, सुतकाच्या घरात गॅस पेटवत नाहीत. शेजारून चहा येतोय."

"हरलोय मी," मी म्हणालो. तिला काही कळलं नाही, पण ती बाजूला झाली.

चहापत्ती कुठं असते तेसुद्धा मला माहीत नव्हतं. चार डबे उघडले. पाचव्यात पत्तीवर माझी आई, हिरवी पैठणी नेसून हसत पडलेली. घरात मी कधीच हात घालणार नाही अशी जागा तिने बरोबर हेरली होती. एकदा, एक दिवस जरी चहा केला असता, तरी लबाडी पकडली असती.

आईवरची पत्ती पुसली, तिला खिशात ठेवलं आणि पाणी उकळायला टाकलं. साखर किती घालायची, ते बहिणीला विचारावं लागलं.