कुंभारे मॅडमचा डावा हात

कुंभारे मॅडम फळ्यावर दोन्ही हातांनी एकदम लिहायच्या. उजव्या हाताने एक रेणू, डाव्या हाताने त्याचं आरशातलं रूप. दोन्ही खडू एकदमच थांबायचे. पहिल्या तासाला आम्ही आ वासून बघत राहिलो. "डावखुरी होती मी," त्या म्हणाल्या. "मायनं मारून मारून उजवा शिकवला. म्या डावा सोडलाच नाही."

पुढे मी त्यांच्याच हाताखाली पीएचडी करू लागले. हिंगण्याच्या एका कारखान्याला एका औषधाचा फक्त डावा रेणू हवा होता, कारण उजवा अपाय करायचा. क्रिया घडवणाऱ्या धातूला बिलगून बसेल आणि उजव्याची वाट अडवेल असा मदतनीस रेणू, म्हणजे लिगँड, मला बनवायचा होता. माझा सगळा प्रबंध त्यावर अवलंबून होता. अडवायच्या नादात मी लिगँडला दोन्ही बाजूंनी अणूंचे भलेमोठे गट चिकटवत गेले आणि शेवटी क्रियाच बंद पडली. फ्लास्कमध्ये टाकलेलं जसंच्या तसं परत! रडवेली होऊन मॅडमकडे गेले.

मॅडम कुहीकडच्या, धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, वाढलेल्या. "बांधीचे दोन्ही तोंडं बुजवून काहून राहिली वं?" त्या म्हणाल्या. "पाणी येईन कुठून? एकीकडं चिखल लाव, दुसरीकडं मोकळं सोड. अडवायचं नाही, वळवायचं."

"पण जमेल का, मॅडम?"

"जमते म्हणजे जमते! रेणूले का मालूम तू घाबरून राहिली म्हणून?"

एवढा भरवसा बाई कुठून आणत देव जाणे, पण तो समोरच्याला लागायचा. मी एका बाजूचा गट काढून टाकला. क्रिया सुरू झाली. पण नमुना तपासून येण्याआधीच मॅडमना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली.

निकाल आला. आलेखात एरवी डाव्याचा आणि उजव्याचा असे दोन उंचवटे दिसायचे, तिथे एकच. जवळजवळ सगळा डावा! तशीच स्कूटी काढून जरीपटक्याला त्यांच्या घरी पोचले.

त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. मी निकालाचा कागद पुढे धरला. त्यांनी तो सावकाश वाचला, पेन मागितलं आणि डाव्या हाताने कोपऱ्यात रेणू काढला. एकच, पण नेहमीइतकाच सुबक. माझे डोळे भरलेले पाहून ओठाच्या एका टोकाने हसल्या.

"रडून काहून राहिली वं? उजवा गेला, डावा राह्यला. हेच तं पाहिजे होतं ना आपल्याले?"